हळदीच्या हंगामातला जांभळा दिवा

दवाखान्यातल्या बाकाची कड आणि खुर्च्यांचे हात पिवळे दिसायला लागले की मी समजते, अणदूरचा खंडोबा आमच्या नळदुर्गात मुक्कामाला आला. मार्गशीर्षात देव येतो, पौषातली यात्रा झाली की परत जातो. तेवढ्या दिवसांत भंडारा, म्हणजे देवाची हळद, कुठवर पोचेल काही सांगता येत नाही. दाराच्या कडीला हळद, वजनकाट्यावर हळद, माझ्या पेनाच्या टोपणालासुद्धा हळद. शौकतभाई, माझे कंपाउंडर, रोज सकाळी ओल्या फडक्यानं बाक पुसतात आणि दुपारपर्यंत ते पुन्हा पिवळं होतं. आज फडकं पिळता पिळता त्यांनी विचारलं, "म्याडम, तो जांभळा दिवा काढून ठिवू का बाहेर?" आणि दाढीतल्या दाढीत हसले. मलाही हसू आलं. मागच्या वर्षीचा असाच हंगाम आम्हा दोघांना एकदमच आठवला होता.

मी त्वचेची डॉक्टर आहे. गावात मला कातडीची बाई म्हणतात, आणि ते नाव मला आवडतंही. आमच्या धंद्यात शिकून झालं असं कधी होत नाही. नोंदणी चालू ठेवायची तर अधूनमधून व्याख्यानांना हजेरी लावून गुण गोळा करावे लागतात, शाळेसारखेच. मी कित्येक वर्षं हे गुण सोलापूरच्या हॉटेलांत गोळा केले. थंडगार हॉल, अंगावर शाल, पडद्यावर पळणारी चित्रं आणि दुपारी पनीर. परतताना हातात मलम बनवणाऱ्या कंपनीची पिशवी. आमच्या घरी भाजी आणायच्या सगळ्या पिशव्यांवर कुठल्या ना कुठल्या खाजेचं औषध छापलेलं आहे. भाजीवाली मला त्यावरूनच ओळखते.

मागच्या हिवाळ्यात मात्र एक वेगळाच वर्ग मिळाला. लहान गावांतल्या त्वचेच्या डॉक्टरांसाठी, दर गुरुवारी संध्याकाळी, घरबसल्या पडद्यावर. शिकवायला पुण्याच्या एक वयस्क बाई होत्या. आवाज बारीक, केस पांढरे, आणि एखादा फोटो समोर आला की त्या इतका वेळ गप्प राहायच्या की आम्हाला वाटायचं नेट गेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, पुस्तकातली चित्रं आणू नका, तुमच्या माणसांचे फोटो आणा. पुस्तकात सगळं कसं लाल लाल असतं. गोऱ्या कातडीवर लाली दिसते. आपल्या उन्हात तळलेल्या सावळ्या पाठीवर ती जांभळी दिसते, कॉफीच्या डागासारखी दिसते, कधी नुसती सुजेसारखी हाताला लागते. हे मला ठाऊक होतं, रोज बघतच होते. पण कुणी शब्दांत सांगितल्यावर मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एकेका पाठीसमोर अशी थबकायला लागले की पेशंट विचारायचे, काय लई वाईट हाय का बाई? मी म्हणायचे, नाही हो, बघतेय नुसतं. या वयात पुन्हा नुसतं बघायला मिळणं ही काही साधी चैन नव्हती.

त्याच वर्गापायी मी तो दिवा मागवला. टॉर्चएवढा, जांभळ्या उजेडाचा. अंधारात तो कातडीवर धरला की साध्या उजेडात न दिसणारं दिसतं. कोड असेल तर डाग निळसर पांढरा, खडूनं गिरवल्यासारखा उठून येतो. शिबं असेल, म्हणजे घामाच्या दिवसांत पाठीवर पसरणारी ती निरुपद्रवी बुरशी, तर पिवळसर चमक येते. सलाईनचे खोके ठेवायच्या खोलीला आम्ही जाड पडदा लावला आणि शौकतभाईंवर पहिला प्रयोग केला. कातडीचं काही दिसलं नाही, पण धुतलेली पांढरी टोपी अशी निळी पेटली की मी दचकले. मग त्यांचे दात, माझी नखं, हवेतली धूळ, सगळंच चमकायला लागलं. धुण्याच्या पावडरीतलं काहीतरी त्या उजेडात पेट घेतं, असं नंतर वर्गात कळलं. त्या दिवशी दोन पेशंट बाहेर ताटकळले आणि आम्ही दोघं आत अंधारात एकमेकांची नखं बघत होतो.

आणि मग देव गावात आला.

पहिला आला तो एसटीचा एक कंडक्टर. मानेवर फिकट डाग. पडद्याआड नेऊन दिवा धरला तर नुसती मान नव्हे, कपाळ, कानामागं, मनगटं, सगळं पिवळंहिरवं पेटलेलं. मी खूश झाले. दिवा वसूल झाला असं वाटलं. त्याच्यामागून एक शिक्षिका आली, तीही पिवळी. एका तान्ह्या बाळाची तर अख्खी टाळू पिवळी. दुपारपर्यंत पडद्याआड जो येईल तो चमकत होता. चार वाजता शौकतभाई चहा घेऊन आले आणि गंभीर तोंडानं म्हणाले, "सगळ्या नळदुर्गाला शिबं झालं म्हणायचं का, म्याडम?"

मी दिवा स्वतःच्या तळहातावर धरला. तोही पिवळा. सकाळी देवळातून आलेला भंडारा मी कपाळाला लावला होता, शौकतभाईंच्या हातावरही थोडा ठेवला होता. त्यांचाही हात पिवळा निघाला. हसता हसता चहा सांडला.

घरी गेल्यावर मात्र मला राहवेना. स्वयंपाकघरातून मिसळणाचा डबा उचलला, न्हाणीघरात शिरले, दार लावलं आणि दिवा पेटवला. हळदीच्या वाटीत करडईच्या तेलाचा थेंब टाकला तर तो थेंब आतून उजळला. सुकी हळद तितकी नाही, तेलातली फार. मोहरीनं काही केलं नाही. म्हणजे आमच्याकडं अंगाला तेल लावून वर भंडारा लावणारा माणूस या उजेडात सगळ्यात जास्त चमकणार. हे माझ्या पुस्तकात नव्हतं. असेलही कुठल्या तरी पुस्तकात, पण मला ते माझ्या न्हाणीघरात मिळालं याचा आनंद वेगळा. बाहेरून यजमानांनी दार वाजवून विचारलं की आज भाजीत हळद पडणार आहे की नाही. मी त्यांना आत बोलावून तो थेंब दाखवला. त्यांनी पाहिला, छान आहे म्हणाले, आणि डबा घेऊन गेले.

गुरुवारी वर्गात मी पडद्याआड काढलेला कंडक्टरच्या पिवळ्या मानेचा फोटो लावला. कुणी गोंदियाहून, कुणी सावंतवाडीहून, सगळे हसले. पुण्याच्या बाई नेहमीसारख्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "हळद धुतल्यावर काय दिसलं?" मी म्हटलं, धुतली नाही अजून, देवाची आहे, लोक यात्रेपर्यंत धुवू देत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला अजून काहीच दिसलेलं नाही." त्यात टोमणा नव्हता, पण मला लागलं. नंतर जेवतानाही माझं लक्ष नव्हतं.

त्याच आठवड्यात बिरू तात्या आले. नाव मी बदललं आहे, माणूस खरा. अणदूरच्या बाजूच्या एका वस्तीवरचे धनगर, साठीच्या पुढचे, खांद्यावर घोंगडी, कपाळ भंडाऱ्यानं माखलेलं. सोबत सून, सुरेखा. तिनंच त्यांना आणलं होतं, हे ते खुर्चीवर ज्या प्रकारे बसले त्यावरून कळत होतं. डाव्या हाताला, कोपराखालून करंगळीच्या बाजूनं मनगटाकडं उतरत गेलेला एक फिका पट्टा होता. पण तो मला नीट दिसेना, कारण त्यावर हळदीचे थर होते. मागच्या चंपाषष्ठीपासून ते रोज सकाळी तिथं भंडारा चोळत होते. वस्तीवरच्या कुणी शिबं म्हटलं होतं, कुणी कोड. तात्यांचं म्हणणं, देवाची हळद लावतोय म्हटल्यावर डाग काय कायमचा राहतो होय. आणि खरंच, पिवळ्यात तो डाग बुडून गेला होता. बघणाऱ्याला वाटावं, बरा होतोय.

मी विचारलं, काय काम करता? ते म्हणाले, "मेंढरं कातरतो." सुरेखानं त्यात भर घातली. नुसती स्वतःची नाहीत, चार वस्त्यांवरची मेंढरं कातरायला लोक मामांना बोलावतात, असं ती म्हणाली. मी असं काम कधी जवळून पाहिलं नव्हतं, म्हणून उत्सुकतेनं विचारत गेले. तात्या खुलले. त्यांनी माझी टेबलावरची कात्री उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं हवेतली मेंढी आडवी पाडली. कातर उजव्या हातात असते, पण काम डावा हात करतो. तो पुढं पुढं सरकत मेंढीची कातडी ताणून धरतो, कुठं घडी आहे, कुठं गाठ आहे, लोकर कुठं संपते आणि अंग कुठं लागतं ते बोटांना कळतं. कातर नुसती त्याच्या मागून येते. मी ऐकत राहिले. मीही दिवसभर हेच करते, फक्त मेंढ्या नसतात.

मग मी त्यांना सांगितलं की हाताची हळद काही दिवस पूर्ण बंद करायची, साबणानं धुवायचं आणि मग परत यायचं. तात्यांचा चेहरा बंद झाला. देव नळदुर्गात बसलेला असताना त्याची हळद धुऊन टाकायची? मी म्हटलं, कपाळाला लावा, कितीही लावा, फक्त हाताला नको. ते बराच वेळ घोंगडीची कड चाचपत होते. शेवटी म्हणाले, "देवाला इचारून बघतो," आणि उठले. सुरेखा दारात थांबून मागं वळली. ती हळूच म्हणाली, "मी आणते त्यास्नी. देव न्हाय म्हणला तरी आणते."

पुढचे काही दिवस मी त्यांची वाट बघितली. पेशंटची काळजी वाटतेच, पण खरं सांगायचं तर त्यात कुतूहलही मिसळलेलं होतं. हळदीखाली काय असेल? मी मनात दोन उत्तरं धरून ठेवली होती. पिवळं राहिलं तर शिबं, निळंपांढरं दिसलं तर कोड. शिकायच्या नादात माणूस किती पोरकट होतो! शिबं असेल तर महिन्याभरात विषय संपेल, कोड असेल तर हाताच्या ताकदीला काही धोका नाही, असं मी मनातल्या मनात तात्यांना समजावूनही टाकलं होतं.

ते आले. कपाळ पिवळंजर्द, हात स्वच्छ. देवानं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पडद्याआड गेलो. शौकतभाईंनी बत्ती घालवली. तात्यांचं धोतर निळं पेटलं, कपाळ पिवळं पेटलं, ते हसले तसे दातही पेटले. मी दिवा हातावर आणला.

हात अंधारातच राहिला. पिवळा नाही, निळा नाही. मी दिवा जवळ नेला, लांब नेला, दुसऱ्या हातावर धरून पाहिला. त्या पट्ट्याला चमक अशी काही नव्हतीच. इतके दिवस सगळं गाव चमकत होतं आणि आता जिथं मला काहीतरी हवं होतं तिथं दिवा मुका झाला. मला क्षणभर काही सुचेना. मग आठवलं, दिव्यात न चमकणारा फिका डाग आणखी एका रोगात असतो.

बत्ती लावून आम्ही बाहेर आलो. मी शौकतभाईंकडून कापूस मागितला आणि चिमटीत वळून त्याची बारीक वात केली. ही परीक्षा आम्हाला कॉलेजच्या पहिल्या वर्षांत शिकवतात. तिला ना बॅटरी लागते ना नेट. तात्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि म्हटलं, जिथं कापूस लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा. कोपराच्या वर लावला, बोट नेमकं तिथं. उजव्या हाताला लावला, तिथंही. मग पट्ट्याच्या मधोमध लावला. तात्या बसून होते. पुन्हा लावला. खोलीत बराच वेळ काही हललं नाही, आणि त्या शांततेवरूनच त्यांना कळलं असावं की आता काहीतरी लागायला हवं होतं. ते म्हणाले, "लागलं."

माझा हात तेव्हा वर होता. कापूस कुठंच टेकलेला नव्हता.

"लागलं," ते पुन्हा म्हणाले आणि अंदाजानं पट्ट्यावर बोट ठेवलं. "हितं. हितं बी लागलं." डोळे गच्च मिटलेले, चेहरा शाळेत उत्तर सांगणाऱ्या पोरासारखा. सुरेखा माझा वर धरलेला हात बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला. मग तिनं सांगितलं की दिवाळीच्या सुमाराला मामांच्या याच हातात बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता, जागा पिकली तेव्हा तिनं काढला, आणि मामांना काटा कधी रुतला तेच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून तिच्या मनात होतं. मी कोपराच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं. तिथली नस दोरीसारखी जाड लागत होती.

नाव सांगणं भाग होतं. मी कुष्ठरोग हा शब्द वापरला आणि लगेच पुढं बोलत राहिले, म्हणजे त्या शब्दाला एकट्यानं खोलीत उभं राहायला लागू नये. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, काही महिने न चुकवता घ्यायचं, लघवी लाल झाली तर घाबरायचं नाही, औषध सुरू झालं की घरात कुणाला लागण व्हायची भीती नाही, ताट वेगळं करायचं नाही. शिवाय नसेची सूज उतरायची गोळी मी देणार. तात्या ऐकत होते. लोक काय म्हणतील, हे त्यांनी विचारलं नाही. मी त्याची तयारी करून बसले होते. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"कातरीखाली मेंढरू वरडत न्हाय, बाई. आडवं पाडलं की गप ऱ्हातं. त्येला लागलं तर ह्या हातालाच कळायचं. आता हात बी गप झाला, तर मला कोण सांगल?"

औषधानं रोग थांबेल हे मी खात्रीनं सांगू शकत होते. हात पुन्हा बोलायला लागेल का, ते नाही. लवकर आलाय, थोडीफार जाण परत येऊ शकते, नाहीही येऊ शकत, एवढंच मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वाटलंच, आणि ज्या हळदीनं मला इतके दिवस लहान मुलासारखं रमवलं होतं, तिच्याच खाली हे होतं, त्याचंही.

पुढच्या गुरुवारी मी वर्गात तो हात दाखवला. हळदीचा, धुतलेला, अंधारातला. यावेळी कुणी हसलं नाही. पुण्याच्या बाईंनी फोटोबद्दल काहीच न बोलता विचारलं, ते कातरतात कसे, ते मला सांगा. मी सांगितलं. पदवीधर डॉक्टरांचा एक अख्खा वर्ग त्या संध्याकाळी मेंढी कशी कातरतात ते ऐकत बसला, आणि बाईंनी मध्येच थांबवून डावा हात पुन्हा एकदा करून दाखवायला लावला. त्या हंगामातला मला सगळ्यात आवडलेला वर्ग तोच.

उन्हाळ्यात मी अणदूरकडं एका ओळखीच्या घरी गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून तात्यांच्या वस्तीवर गेले. कातरणं चाललं होतं. पाहिलं आणि रस्त्यातच उभी राहिले. उजव्या हातात कातर घेऊन तात्या बसले होते आणि मेंढीच्या अंगावर कातडी ताणून धरणारा डावा हात होता सुरेखाचा. ती पुढं सरकायची, ते मागून कापत यायचे. ती थांबली की तेही थांबायचे. मध्येच ती म्हणायची, "मामा, घडी हाय," आणि कातर वर उचलली जायची. बाईमाणसानं कातरायला बसायचं म्हटल्यावर वस्तीवर कुजबुज झाली होती म्हणे. पण मेंढ्या कुठं ओरबाडल्या नव्हत्या, आणि शेवटी लोक बघतात ते तेवढंच. मी चहा घेतला आणि सुरेखाच्या बोटांकडं बघत बसले. तिची बोटं शिकत होती.

दिवा अजून कपाटात आहे. आज शौकतभाईंनी तो काढून ठेवला, सवयीनं, आणि दुपारी खरोखरच बिरू तात्या आले. औषधाचा कोर्स संपलेला, कपाळ नेहमीसारखं पिवळं, सोबत सुरेखा. पट्टा थोडा भरून आल्यासारखा दिसत होता, पण दिसण्यावर मी आता फार विसंबत नाही. दिव्याला हातही लावला नाही. कापसाची वात वळली. तात्यांनी मी न सांगताच डोळे मिटले.

मी मुद्दाम थांबले. कापूस वर धरून तशीच उभी राहिले. बाहेर यात्रेचे ढोल वाजत होते. तात्या काहीच बोलले नाहीत. मागच्या वेळी जिथं त्यांनी घाईघाईनं "लागलं" म्हटलं होतं, तिथं ते शांत बसले होते, ओठ मिटून. मग मी करंगळीच्या बाजूला मनगटाशी कापूस टेकवला. काही नाही. तिथं अजून काही नव्हतं. थोडा वर आणला, पट्ट्याच्या मधोमध, जिथं तो काटा राहिला होता तिथं, आणि अगदी हलका टेकवला.

तात्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, वाटेत थांबला, आणि त्यांनी बोट ठेवलं. माझ्या कापसावरच.

सुरेखाचे डोळे भरून आले होते. तात्यांनी डोळे उघडून आपलं बोट आणि त्याखालचा कापूस पाहिला, पुन्हा एकदा पाहिला. मग घोंगडी सावरत ते सुनेकडं वळले.

"सुरेखा, अणदूरला गेलो की आणखी एक कातर घिऊ. दोघांचं काम येका कातरीवर भागायचं न्हाय."